सकस्तान : शकांच्या नावाचा सासानी प्रांत

सकस्तान हा सासानी (ससानियन) इराणी साम्राज्याचा पूर्व सीमेवरचा एक मोठा प्रांत. पुढे याच नावाचे सगिस्तान, सीस्तान असे रूप झाले. अरबी लेखनात त्याला सिजिस्तान म्हणतात. आजच्या नकाशावर पाहायचे तर इराणच्या सीस्तान-बलुचिस्तान प्रांताचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेला अफगाणिस्तानचा नैर्ऋत्य कोपरा मिळून हा प्रदेश होतो. झरंग, म्हणजे आजचे झरंज, ही त्याची राजधानी. इ.स. २३० च्या सुमारास सासानी सत्ता येथे आली आणि ६५१ च्या आसपास मावळली.

हा विषय आमच्या मंडळाच्या पानावर का, असे काही वाचक विचारतील. कारण घरगुती आहे. आपण माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतो. गुढीपाडव्याला पंचांगवाचन झाले की मुले हमखास विचारतात, की शेजारी विक्रम संवत सांगतात आणि आपण शके सांगतो, दोन्हींत १३५ वर्षांचा फरक कसा? आणि शके म्हणजे कोणाचे शके? ‘शक नावाची परकी टोळी होती, शालिवाहनाने तिला हरवले’ एवढे सांगून आपण पुरणपोळीकडे वळतो. पण ज्या लोकांचे नाव आपण प्रत्येक संकल्पात उच्चारतो, त्यांच्या नावाचा एक अख्खा प्रांत चारशे वर्षे इराणच्या सम्राटांच्या राज्यात नांदला. त्या प्रांताची ही माहिती.

नावांची गोष्ट

शक येण्यापूर्वी या प्रदेशाचे नाव झ्रंक होते. हखामनी सम्राट पहिला दारयवहु (दारियस) याच्या इ.स.पू. ५२० च्या सुमाराच्या बेहिस्तून शिलालेखात त्याच्या प्रांतांच्या यादीत ते येते. ग्रीक लेखकांनी त्याचे ड्रँगियाना केले. झरंग या शहराच्या नावात तेच जुने नाव आजही टिकून आहे.

‘सकस्तान’ची फोड मराठी माणसाला सांगावी लागत नाही. शकांचे स्थान ते शकस्तान. आपले ‘स्थान’ आणि इराणी ‘स्तान’ सख्खी भावंडे आहेत.

तिसरे नाव नीमरोझ. सहाव्या शतकात सासानी साम्राज्याचे चार दिशांनुसार चार भाग पाडले गेले. त्यांतल्या दक्षिण भागाचे नाव नीमरोझ, आणि सातव्या शतकातल्या आर्मेनियन भूगोलग्रंथात सकस्तान याच भागात मोजलेले आहे. नीम म्हणजे अर्धा (आपला ‘नीमहकीम’ आठवावा) आणि रोझ म्हणजे दिवस, आपला ‘रोज’. अर्धा दिवस म्हणजे मध्यान्ह. मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला असतो म्हणून नीमरोझ म्हणजे दक्षिण. अफगाणिस्तानात झरंज ज्या प्रांताची राजधानी आहे त्याचे नाव आजही नीमरोझच आहे.

नदी, सरोवर आणि वारा

सकस्तानचा सगळा इतिहास हेलमंद नदीभोवती फिरतो. काबूलच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत उगम पावून अकराशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करत ही नदी समुद्राला न मिळता हामून नावाच्या उथळ सरोवरांत जाऊन संपते. आजूबाजूला वाळवंट आणि मध्ये नदीने आणलेल्या गाळाची सुपीक जमीन, अशी ही रचना आहे. नदी भरून आली की गहू पिकतो, बोरू वाढतो, मासे आणि पाणपक्षी येतात. नदीने पात्र बदलले की वस्ती उठते. या भागातल्या अनेक उजाड शहरांचे कारण शत्रू नसून पाणी आहे. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात भरभराटलेले शहर-ए-सोख्ता हे त्याचे सर्वांत जुने मोठे उदाहरण मानले जाते.

पारशी धर्मग्रंथ अवेस्तामध्ये या नदीचे नाव हएतुमंत असे आहे. संस्कृत ‘स’च्या जागी अवेस्ताच्या भाषेत बहुधा ‘ह’ येतो, जसे सप्त आणि हप्त, सिंधू आणि हिंदू. म्हणजे हएतुमंत हे आपले ‘सेतुमंत’ झाले : बांधबंधारे असलेली नदी. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी लोकांनी या नदीला बंधाऱ्यांवरून ओळखले, यावरून तिच्या पाण्याचे मोल कळते.

उन्हाळ्यात येथे सुमारे चार महिने उत्तरेकडून सोसाट्याचा वारा वाहतो. त्याला स्थानिक लोक ‘एकशेवीस दिवसांचा वारा’ म्हणतात. वाऱ्यावर फिरणाऱ्या गिरण्यांचे जगातले सर्वांत जुने खात्रीचे उल्लेख याच प्रदेशाचे आहेत. दहाव्या शतकातल्या अरबी भूगोलकारांनी त्या नोंदवल्या आहेत.

शक आले कसे

शक हे मध्य आशियातले घोडेस्वार, भटके लोक. इ.स.पू. दुसऱ्या शतकात तिकडच्या टोळ्यांची मोठी उलथापालथ झाली आणि शक दक्षिणेकडे सरकले. तेव्हा इराणात पार्थियनांचे राज्य होते. इ.स.पू. १२८ च्या सुमारास पार्थियन राजा दुसरा फ्रातेस या धामधुमीतल्या लढाईत मारला गेला. त्याच्यानंतर आलेला राजाही पूर्वेकडच्या टोळ्यांशी लढताना गेला. दुसऱ्या मिथ्रदातेसने अखेर त्यांना आवरले. शक हेलमंदच्या खोऱ्यात स्थिरावले आणि प्रदेशाला त्यांचे नाव पडले.

पार्थियन काळात येथे सुरेन घराण्याचे वजन होते. इ.स.पू. ५३ मध्ये कार्‍हेच्या लढाईत रोमन सेनापती क्रॅससचा धुव्वा उडवणारा सेनानी याच घराण्यातला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात गोंडोफारेस या राजाने सकस्तानपासून पंजाबपर्यंत स्वतंत्र राज्य उभारले.

सासानी प्रांत आणि ‘शकानशाह’

इ.स. २२४ मध्ये अर्दशीरने शेवटच्या पार्थियन सम्राटाला हरवून सासानी सत्ता स्थापन केली. तबरी हा इतिहासकार सांगतो, की अर्दशीरने पूर्वेकडच्या मोहिमेत सकस्तान जिंकले. सकस्तान हाती असले की कंदाहार, सिंध आणि मकरान किनारा या तिन्ही वाटांवर नजर राहते. म्हणून हा प्रांत नवीन सम्राटांनी परक्या हाती न देता राजपुत्रांच्या हाती ठेवला. अशा राजपुत्राला ‘शकानशाह’, म्हणजे शकांचा राजा, असे बिरुद मिळे.

पहिल्या शापूरच्या इ.स. २६० नंतरच्या नक्श-ए-रुस्तम येथील प्रसिद्ध शिलालेखात सकस्तान, तुरान, मकरान, हिंद असे प्रांत ओळीने येतात. (येथे तुरान म्हणजे बलुचिस्तानातला कलात-खुझदारकडचा भाग, आणि हिंद म्हणजे सिंधूकाठचा मुलूख.) शापूरचा मुलगा नरसेह याचे बिरुद त्यात ‘हिंद, सकस्तान आणि समुद्रकिनाऱ्यापर्यंतच्या तुरानचा राजा’ असे आहे.

राजपुत्राला सीमेवर सैन्य द्यायचे तर त्याने बंड करण्याचा धोकाही पत्करावा लागतो. दुसऱ्या बहरामच्या काळात (२७४ ते २९३) तेच घडले. होरमझ्द नावाच्या राजकुळातल्या पुरुषाने शकांना हाताशी धरून पूर्वेत उठाव केला. त्याची बातमी रोमपर्यंत पोहोचली, इ.स. २९१ मध्ये रोमन सम्राटापुढे झालेल्या एका स्तुतिपर भाषणात हा उल्लेख आहे. बहराम पूर्वेत अडकलेला पाहून रोमन सम्राट कारुसने २८३ मध्ये इराणवर स्वारीही केली. बंड मोडल्यावर बहरामने आपल्या कोवळ्या मुलाला शकानशाह केले. ग्रीक इतिहासकार अगाथियस यामागची पद्धत समजावून सांगतो : इराणी राजा एखादे लोक जिंकी, तेव्हा त्या लोकांचे नाव आपल्या मुलाला बिरुद म्हणून देई. हा मुलगा २९३ मध्ये तिसरा बहराम म्हणून गादीवर आला, पण काही महिन्यांतच नरसेहने त्याला हटवले. हा नरसेह म्हणजे वर सांगितलेला, एकेकाळी स्वतः सकस्तानचा राजा असलेला. आपली बाजू त्याने पायकुली येथील शिलालेखात सविस्तर मांडून ठेवली आहे.

पर्सेपोलिसचा मुक्काम

सकस्तानच्या कारभाराचे सर्वांत जिवंत चित्र एका छोट्या लेखात सापडते. दुसऱ्या शापूरच्या राज्याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स. ३११ च्या सुमारास, शकानशाह शापूर इस्तख्रहून सकस्तानकडे निघाला होता. वाटेत पर्सेपोलिसच्या ओसाड राजवाड्यात त्याने मुक्काम केला. त्या जागेला तेव्हा ‘शंभर खांब’ म्हणत. दारयवहुने ती आठशे वर्षांपूर्वी बांधली होती. शापूरने तेथे जेवण केले, धार्मिक विधी करवले, आपल्या वडिलांसाठी, पूर्वजांसाठी आणि ज्याने ती वास्तू बांधली त्याच्यासाठी आशीर्वाद मागितले. बांधणाऱ्याचे नाव त्याने लिहिलेले नाही.

लेखात बरोबरच्या मंडळींची नावे आहेत. सकस्तानचा धर्मोपदेशक बहराम, मोबेद (पुरोहित) नरसेह, झरंगचा शह्रब वेन, लेखनिक नरसेह आणि इतर सरदार. म्हणजे एका प्रांताचा दरबारच त्या दिवशी तेथे उतरला होता : राजपुत्र, धर्माधिकारी, राजधानीचा कारभारी आणि कारकून.

यातला ‘शह्रब’ शब्द लक्षात ठेवावा. शहर म्हणजे तेव्हा राज्य किंवा जिल्हा, आणि शह्रब म्हणजे त्याचा रक्षक. याच शब्दाचे जुने इराणी रूप भारतात आले ते ‘क्षत्रप’ म्हणून. मराठी वर्तमानपत्रे साखरपट्ट्यातल्या पुढाऱ्यांना ‘क्षत्रप’ म्हणतात, तेव्हा झरंगच्या वेनचेच पद त्यांना देत असतात.

सैन्य, नाणी, अधिकारी

सकस्तानचे सैनिक साम्राज्यभर नावाजलेले होते. इ.स. ३५९ मध्ये दुसऱ्या शापूरने रोमनांच्या अमिदा किल्ल्याला (तुर्कस्तानातले आजचे दियारबकिर) वेढा घातला, तेव्हा रोमन इतिहासकार अम्मियानुस मार्सेलिनुस आत कोंडलेला होता. पश्चिम दरवाजासमोर सगिस्तानी उभे होते. ते सगळ्यांत कडवे लढवय्ये, आणि त्यांच्यासोबत हत्तींच्या रांगा होत्या, असे त्याने लिहून ठेवले आहे.

प्रांतात टांकसाळ होती. तिच्या नाण्यांवर सकस्तानच्या नावाची आद्याक्षरे दिसतात. पुढच्या काळात राजपुत्रांऐवजी नेमलेले अधिकारी दिसू लागतात. पाचव्या शतकात कारेन घराण्यातला सुख्रा हा सकस्तानचा अधिकारी होता. इ.स. ४८४ मध्ये सम्राट पेरोझ हेफ्थलाइट हूणांशी लढताना सैन्यासह मारला गेला, तेव्हा साम्राज्य सावरणाऱ्यांत सुख्रा पुढे होता. सीमेवरच्या अधिकाऱ्यांचे एक पद होते मरझबान, म्हणजे सीमारक्षक. हे पद पारशी समाजात आडनाव होऊन मुंबईत आले. १८२२ साली ‘मुंबई समाचार’ सुरू करणारे फर्दुनजी मर्झबान यांच्या नावात ते आहे.

धर्म

झरथुष्ट्री धर्मात सकस्तानला विशेष मान आहे. हामून सरोवर म्हणजेच धर्मग्रंथांतले कयान्सेह सरोवर. झरथुष्ट्राचे बीज त्यात जपलेले असून त्यातून युगायुगाने तारणहार जन्माला येतील, अशी श्रद्धा आहे. सगिस्तानच्या आश्चर्यांवर लिहिलेला एक छोटा मध्ययुगीन पारशी ग्रंथही उपलब्ध आहे. त्यात नदी, सरोवर, पर्वत आणि या भूमीचे धर्मातले स्थान यांचे वर्णन येते. कारकूय येथील अग्निमंदिर नावाजलेले होते.

हामूनमधून वर आलेला काळ्या बेसॉल्टचा सपाट डोंगर म्हणजे कूह-ए-ख्वाजा. त्यावर पार्थियन-सासानी काळातल्या मोठ्या वास्तूचे अवशेष आणि भित्तिचित्रे होती. १९१५-१६ मध्ये ऑरेल स्टाइनने ती पाहिली. त्याने काढून आणलेले काही तुकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आले.

ख्रिस्ती वस्तीही येथे होती. इ.स. ४२४ च्या धर्मपरिषदेला सकस्तानचा बिशप हजर होता. पुढे एकाच प्रांतात दोन बिशप होऊन तंटा पेटला, तेव्हा ५४४ मध्ये प्रमुख धर्मगुरू मार अबा यांनी त्यात लक्ष घालून गावांची वाटणी करून दिली.

अखेर

इ.स. ६४२ मध्ये नहावंदच्या लढाईत अरबांनी सासानी सैन्याचा कणा मोडला. शेवटचा सम्राट तिसरा यझ्दगर्द पूर्वेकडे पळत कर्मानमार्गे सकस्तानात आला. पळतानाही त्याने थकलेला कर मागितला आणि स्थानिक अधिकाऱ्याशी त्याचे बिनसले. तेथून तो मर्वकडे गेला आणि ६५१ मध्ये मारला गेला.

त्याच सुमारास रबी इब्न झियाद हा अरब सेनापती झरंगसमोर आला. चकमकी झाल्यावर प्रांताचा मरझबान अपर्वीझ तहाला गेला. त्याला धाक बसावा म्हणून रबी एका मृत सैनिकाच्या देहाची बैठक करून बसला होता, अशी हकीकत बलाधुरीने दिली आहे. अपर्वीझने तह पत्करला : एक हजार गुलाम, प्रत्येकाच्या हाती सोन्याचा प्याला. तह झाला तरी शहर पुन्हा उठले आणि पुन्हा जिंकावे लागले.

‘तारीख-ए-सीस्तान’ या अकराव्या शतकातल्या स्थानिक इतिहासात पुढची एक घटना आहे. इ.स. ६७१ च्या सुमारास अग्निमंदिरे विझवा आणि पुरोहितांना मारा, असा हुकूम आला. तेव्हा सीस्तानमधल्या मुसलमानांनीच तो अडवला. या लोकांशी आपला तह झाला आहे, तो मोडता येणार नाही, असे म्हणून त्यांनी दमास्कसला विचारणा केली. उत्तर आले, की तह पाळावा. कारकूयचा अग्नी राहिला.

शके आणि आपण

आता मुलांच्या प्रश्नाकडे. सासानी काळाच्या आधीच शकांच्या काही शाखा सिंधमार्गे सौराष्ट्र, माळवा आणि उत्तर कोकणात उतरल्या, अशी इतिहासकारांची सर्वसाधारण मांडणी आहे. जैन परंपरेतल्या कालकाचार्य कथेत उज्जैनच्या गर्दभिल्ल राजाविरुद्ध शकांना बोलावून आणल्याची गोष्ट येते. मथुरेच्या सिंहस्तंभशीर्षावरच्या खरोष्ठी लेखात ‘सर्व शकस्तानाच्या सन्मानार्थ’ असे शब्द वाचले गेले आहेत; हे शीर्ष १८६९ मध्ये शोधणारे पंडित भगवानलाल इंद्रजी हे मुंबईच्या डॉ. भाऊ दाजींचे सहकारी. म्हणजे दूर मथुरेत बसलेल्या क्षत्रपांनाही मूळ भूमीची आठवण होती.

नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात स्वतःला शक म्हणवतो आणि ब्राह्मणांना व भिक्षूंना दिलेली दाने नोंदवतो. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडली. त्याचा पुरावा १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे मिळाला : नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीचा शिक्का मारलेला. पण शक संपले नाहीत. चष्टनाच्या घराण्याने उज्जैनहून पुढे जवळजवळ तीनशे वर्षे राज्य केले. त्यांच्या लेखांतली आणि नाण्यांवरची वर्षे इ.स. ७८ पासून मोजलेली आहेत.

हीच गणना पुढे दक्षिणेत गेली. बदामीच्या पहिल्या पुलकेशीचा कड्यावरचा लेख शकवर्ष ४६५ चा, म्हणजे इ.स. ५४३ चा आहे. ‘शालिवाहन’ हे नाव तिला त्यानंतर कित्येक शतकांनी जोडले गेले. म्हणून मुलांना सांगताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. शालिवाहनाने शकांना जिंकल्याची कथा ही परंपरा आहे, आणि तिच्यामागे सातकर्णीच्या खऱ्या विजयाची आठवण आहे. पण वर्षे मोजण्याची पद्धत मात्र त्या हरलेल्यांच्या घरातूनच आलेली दिसते. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारची राष्ट्रीय दिनदर्शिकाही शक गणनेवरच चालते.

योगायोग असा, की सकस्तानातून पळून गेलेल्या यझ्दगर्दच्या राज्यारोहणापासून (इ.स. ६३२) पारशी बांधव आपला यझ्दगर्दी सन मोजतात. एका प्रांताशी नाते सांगणाऱ्या दोन गणना नवसारी-मुंबईत आणि आपल्या घरांत आजही चालू आहेत.

आजचे सीस्तान

ज्या हेलमंदला पूर्वजांनी ‘सेतुमंत’ म्हटले, तिच्यावरच्या बांधांवरूनच आज तंटा आहे. १९५३ मध्ये अफगाणिस्तानात कजाकी धरण झाले, १९७३ मध्ये इराण आणि अफगाणिस्तान यांच्यात पाणीवाटपाचा करार झाला, २०२१ मध्ये कमाल खान धरण सुरू झाले. १९९९ नंतरच्या दुष्काळांत हामून वारंवार कोरडे पडले. जेथे मासेमारी होती तेथे एकशेवीस दिवसांचा वारा आता तळाची धूळ उडवतो, आणि अनेक कुटुंबांनी गावे सोडली आहेत.

थोडक्यात कालपट

इ.स.पू. ५२० च्या सुमारास : झ्रंक, हखामनी प्रांत
इ.स.पू. १३० नंतर : शकांचे आगमन
इ.स. ७८ : शक गणनेचा आरंभ (भारतात)
इ.स. २३० च्या सुमारास : सासानी सत्ता
इ.स. २९३ : शकानशाह तिसरा बहराम काही महिन्यांसाठी सम्राट
इ.स. ३११ च्या सुमारास : शकानशाह शापूरचा पर्सेपोलिस लेख
इ.स. ३५९ : अमिदाचा वेढा
इ.स. ४८४ : पेरोझचा मृत्यू, सुख्रा पुढे येतो
सहावे शतक : नीमरोझ भागाची रचना
इ.स. ६५१ च्या सुमारास : झरंगचा तह, सासानी सत्तेची अखेर

येत्या पाडव्याला पंचांग वाचताना ‘शके’ शब्द आला, की घरातल्या मुलांना नकाशावर हेलमंद नदी दाखवावी, एवढीच आमची सर्व सभासदांना विनंती. पुढचे सांगणे त्यांच्या प्रश्नांवरून आपोआप सुचेल.